देवतळ्याचं माप

८ डिसेंबर १९६३

पंचायतीत बाई सभासद म्हणून मला घेतलं त्याला वर्ष होऊन गेलं. वर्षभरात माझं मत कुणी विचारलं असेल तर ते चहा आणखी टाकायचा का, एवढ्यापुरतंच. आज मात्र सरपंच भागोजींनी भर सभेत सांगितलं की बर्फाच्या कारखान्याला देवतळ्याचं पाणी द्यावं म्हणणारे आणि देऊ नये म्हणणारे सारखेच भरले आहेत, तेव्हा कमळबाय हात वर करील ती बाजू.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, आणि का वळल्या ते मला कळत होतं. कारखाना कोळीवाड्याच्या सोसायटीचा, आणि सोसायटीचा चेअरमन दादू माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो चालायलाही लागला नव्हता. माझ्या कडेवरून तो उतरला तो थेट होडीत बसला, असं त्याची बायको केसर चेष्टेनं म्हणते.

दादूची बाजू खोटी नाही. बर्फ मुंबईहून येतो, येईपर्यंत निम्मा वितळतो, आणि उन्हाळ्यात पापलेटांचे ढीग किनाऱ्यावर सडताना मी पाहिले आहेत. शेतकऱ्यांची बाजूही खोटी नाही. किनाऱ्यालगतच्या विहिरी फाल्गुनापासून मचूळ होतात. मग पाऊस पडेपर्यंत साऱ्या गावाला प्यायला देवतळं, दुसरं काही नाही.

मी उभी राहिले आणि म्हणाले, आधी तळ्यात पाणी किती आहे ते मोजू, मग मी हात वर करीन.

"पाणी मोजायचं?" भागोजी म्हणाले. "कमळबाय, ते तळं हाय, दुधाची चरवी न्हाय."

सगळे हसले. मीही हसले, पण खाली बसले नाही.

१५ डिसेंबर

विठोबा गुरुजींनी मनावर घेतलं. वरच्या वर्गांना ते गणित शिकवतात. तालुक्याचा ओव्हरसियर येईपर्यंत तळं आटून जाईल, आपणच मोजू, म्हणाले.

मला वाटलं होतं, लांबी, रुंदी आणि खोली यांचा गुणाकार केला की झालं. मी बालवाडीची बाई, माझी धाव तेवढीच. गुरुजी म्हणाले, तळं म्हणजे पेटी नव्हे. काठाला उथळ, मध्ये खोल, एका बाजूला बांध. त्याच्या पट्ट्या पाडायच्या, एकेका पट्टीतलं पाणी काढायचं आणि शेवटी सगळ्याची बेरीज करायची.

आज ते केलं. भागोजींच्या बैलगाडीत बसून दादूची लहान होडी तळ्यावर आली. होडीला गाडीत बसलेलं पाहायला निम्मं गाव जमलं. तळ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत दोर ताणला, त्याला सारख्या अंतरावर गाठी मारल्या. प्रत्येक गाठीशी होडी थांबवायची, दादूनं दुसऱ्या दोराला बांधलेलं शिसं सोडायचं, खोली सांगायची, आणि मी लिहून घ्यायची. एक रांग झाली की दोर पुढे सरकवायचा.

दादूचा हात बघण्यासारखा होता. समुद्रात डोलीचं जाळं लावायचं तर आधी खुंट ठोकावे लागतात. ते कुठे ठोकायचे हे बघायला आमच्याकडे हेच शिसं सोडतात. तो डोळे मिटतो. दोर त्याच्या बोटांतून सरसर जातो, मग सावकाश जातो, आणि टणक लागलं की तो डोळे उघडून म्हणतो, "अडीच वाव." वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांची लांबी. गुरुजी लगेच त्याचे मीटर करतात. मध्यावर तीन वाव भरलं. आमचे बाबाही असेच डोळे मिटायचे.

घरी येताना शिशाचा दोर धुवायला माझ्याकडे दिला. शिशाच्या वरचा वावभर दोर काळाकुट्ट झाला आहे, साबणानंही निघत नाही. केसर म्हणाली, तळ्यानं काजळ घातलंय.

२२ डिसेंबर

दोन कोटी चाळीस लाख लिटर.

गुरुजींनी आकडा फळ्यावर लिहिला. लिटर अजून कुणाच्या अंगवळणी पडलेला नाही. मग भागोजींनी विचारलं, हंडे किती. गुरुजींनी वीस लिटरचा हंडा धरून भागाकार केला. बारा लाख हंडे.

मला खरोखर धक्का बसला. जन्मभर त्या तळ्याचं पाणी डोक्यावरून आणते आहे, पण ते बारा लाख हंडे असेल असं स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं. गुरुजींनी त्यातून उन्हानं उडून जाणारं पाणी वजा केलं, गावाला लागणारं वजा केलं, कारखान्याचं वजा केलं. तरी पाऊस येईपर्यंत पुरून उरतं.

मी हात वर केला. मन अगदी स्वच्छ होतं. भावासाठी नाही, आकड्यासाठी केला, असं मी स्वतःला सांगितलं. आता लिहिताना वाटतं, दोन्हीसाठी केला असला तर काय बिघडलं?

तळ्यात एक सागाचा खांब रोवून त्यावर पांढऱ्या रंगानं खुणा केल्या आहेत. पाणी कोणत्या खुणेला असलं म्हणजे किती लिटर, हे गुरुजींनी कोष्टक करून पंचायतीच्या भिंतीला लावलं. आता कुणीही जाऊन पाहावं.

९ फेब्रुवारी १९६४

कारखाना चांगला चालला आहे. पहिली लादी निघाली तेव्हा केसरनं तिला हळदकुंकू लावलं आणि कुंकू वितळून वाहून गेलं, त्यावर सगळे हसले. होड्या येतात, बर्फ भरतात, मासळी ताजी मुंबईला जाते. दादू आता रस्त्यातून चालतो तेव्हा माणसं थांबून त्याच्याशी बोलतात. शेतकऱ्यांच्या आळीतलीसुद्धा.

मी दर आठवड्याला खांबावरची खूण पाहते. गुरुजींच्या हिशेबात पाणी जेवढं उतरायला हवं तेवढंच उतरलं आहे. गुरुजी मुलांना तळ्यावर नेऊन हे दाखवतात.

सध्या लादीच्या मधोमध काळपट रेघ येते. बर्फाला मिशी फुटली, असं होडीवरची माणसं म्हणतात. दादूला मी हे हसत सांगितलं. तो हसला नाही. यंत्राचं काहीतरी बिनसलं असेल.

८ मार्च

दादू थकला आहे. परवा सकाळी लवकर तळ्यावर गेले तर तो एकटाच होडीत होता. लांब बांबू पाण्यात खुपसत होता, काढत होता, पुढे जाऊन पुन्हा खुपसत होता. मी हाक मारली तेव्हा दचकला. पंपाची नळी मध्यावर न्यायची आहे, जागा बघतोय, म्हणाला. नंतर घरी येऊन माझं एक जुनं मऊ लुगडं मागून घेतलं. नळीच्या तोंडाला बांधायला, म्हणजे बर्फ स्वच्छ येईल. किती काळजी घेतो कामाची.

जेवायला थांब म्हटलं तर थांबला नाही. दारातून परत फिरला आणि विचारलं, बाय, अवंदा पाऊस लवकर येईल असं तुला वाटतं का? मी म्हटलं, मला काय विचारतोस, समुद्रावर तू असतोस. तेव्हा म्हणाला, हरिहरेश्वराला नारळ बोललोय. मी त्याची थट्टा केली. देवाधर्माचं त्याला कधी नव्हतं. चेअरमन झाल्यावर माणूस भाविक होतो, म्हटलं.

१९ एप्रिल

लिहून काढलं तरच झोप येईल.

सकाळी आम्ही पाच-सहा जणी पाण्याला गेलो होतो. देवतळ्याच्या पायऱ्या मध्येच संपतात, पुढे दगडी उतार आहे. आम्ही मुली असताना त्या उतारावर उभ्या राहून धुणं धुवायचो, पाय कधी सरकला नाही. पाणी आता पायऱ्यांच्या खाली गेलंय. केसरची कळशी हातातून सुटली आणि तरंगत आत गेली. केसरनं लुगडं वर खोचलं आणि तिच्यामागे पाण्यात उतरली.

पाणी तिच्या पोटरीला होतं. पुढच्या पावलाला ती बसली, असं मला वाटलं. मला हसू आलं, हे मी कधी विसरणार नाही. मग ती कमरेपर्यंत आत गेली. पाणी तेवढंच, पोटरीभर, आणि बाई कमरेपर्यंत नाहीशी. ती ओरडली नाही. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "वन्सं, पायाखाली काय न्हाय."

भागोजींची सून तुळशी पुढे झाली नसती तर मी तिथे नुसती उभी राहिले असते. तुळशी उतारावर पालथी पडली. आम्ही तिचे पाय धरले. तिनं आपल्या लुगड्याचा पदर केसरकडे फेकला. तोवर काळा चिखल केसरच्या छातीला लागला होता. ओढलं, किती वेळ ते ठाऊक नाही. ती बाहेर आली तेव्हा गळ्यापासून खाली माणूस दिसत नव्हतं. कुजलेल्या पानांचा वास येत होता. एका पायातला तोडा आतच राहिला.

आणि समोर खांब उभा होता. त्याच्या खुणेप्रमाणे तळ्यात अजून निम्म्याच्या जवळपास पाणी आहे.

२० एप्रिल

काल डोळा लागला नाही. सारखं एकच मनात येत होतं: शिसं जड आहे. दोर सरसर जायचा, मग सावकाश जायचा, मग टणक लागायचं. ते सावकाश म्हणजे काय होतं?

आज गुरुजींना घेऊन तळ्यावर गेले. घरची परात तीन दोऱ्यांनी तराजूच्या पारड्यासारखी बांधली, तिच्यात दगड ठेवला. मला चिखलात शिरणारं काही नको होतं, चिखलावर बसेल असं हवं होतं. मध्यावर परात सोडली. ती पाऊण वावेवर टेकली. त्याच जागी शिसं सोडलं. ते परातीच्याही खाली गेलं, जातच राहिलं, आणि आणखी वावभर खाली थांबलं.

गुरुजी होडीत खाली बसले. चष्मा काढून पुसत राहिले, पुन्हा घालायचं त्यांना सुचेना.

त्या वावभरात पाणी नाही, चिखल आहे. पातळ, काळा, पेजेसारखा. समुद्रात दादू टणक शोधतो, खुंट उभा राहील असं. वरच्या चिखलाशी कोळ्याला काय करायचंय? तळ्यातही त्यानं तेच शोधलं. मी कोळ्याची मुलगी, समोर बसून लिहून घेत होते, मलाही काही वावगं दिसलं नाही. गुरुजींनी तर शिसं जन्मात पहिल्यांदा पाहिलं होतं. आकडा काढण्यात त्यांची चूक एका लिटरचीही नाही. आम्ही चिखल मोजला आणि त्याला पाणी म्हटलं. दोन कोटी चाळीस लाखांतले जवळजवळ एक कोटी चिखल होता.

भागोजींना सांगितलं तेव्हा त्यांना गाळाची आठवण झाली. पूर्वी दर वैशाखात शेतकरी तळ्यातला गाळ काढून शेतात नेत. पुरुष गिरण्यांत गेले, खताची पोती आली, गाळ कोण उपसणार? तळं पावसाळ्यात भरलेलं दिसायचं, तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान.

गावानं आजपासून जपून वापरलं आणि पंप बंद झाला, तर मे महिन्याच्या मध्यापर्यंत कसंबसं. पंप चालू राहिला तर गुरुजींनी तारीख सांगितली नाही.

२१ एप्रिल

केसरला बघायला गेले. तिला ताप आहे. दादू पहाटेच कारखान्यावर गेला होता. मी परातीचं सांगायला लागले. तिनं मला मध्येच थांबवलं आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "वन्सं, त्यांना ठाव हाय. शिमग्यापासून ठाव हाय."

मला आधी अर्थच लागला नाही. मग बांबू आठवला. मग लुगडं. मग तो नारळ. मी त्याची थट्टा केली होती.

तशीच कारखान्यावर गेले. मशीन चालू होतं. दादू लाद्यांपाशी उभा होता.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

त्यानं वर पाहिलं नाही. "व्हय."

"मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू मशीन बंद करवलं असतंस."

"हो."

"म्हणून."

मग तो आपणहून बोलायला लागला. खालच्या आवाजात, लहानपणी ताप आला की बोलायचा तसा. हंगाम तेवढा निघू दे, असं त्याच्या मनात होतं. एवढी माणसं पहिल्यांदाच त्याच्या शब्दावर विसंबून होती. पाऊस लवकर आला असता तर कुणाला कळलंही नसतं, आणि पुढच्या वर्षी तो स्वतः गाळ काढणार होता, सगळा कोळीवाडा लावून. मी ऐकत होते आणि मला वाटत होतं, हा कोण माणूस आहे? याला मी भात भरवला?

"केसर मेली असती," मी म्हटलं.

त्यानं बर्फाच्या लादीवर हात टेकला आणि तसाच ठेवला. मी निघाले तरी तो हात त्यानं उचलला नव्हता.

२२ एप्रिल

सकाळी जाग आली ती मशीनच्या आवाजानं. मी अंथरुणात उठून बसले. काल एवढं बोलणं झालं, केसर तापात पडली आहे, आणि तो आजही पाणी ओढतो आहे. माझा विश्वास बसेना. होड्या येणार होत्या, हे मला मागाहून कळलं. मासळी भरून दोन दिवस समुद्रात असलेली माणसं. त्यांना बर्फ मिळाला. मी त्यावर काही म्हणू शकत नाही. पण तो आवाज दिवसभर माझ्या कानात आहे.

उद्या सभा. त्याला ठाऊक होतं हे मी सांगू का? सांगितलं तर गावात त्याचं तोंड राहणार नाही. न सांगितलं तर मीही त्याच्यासारखीच. गुरुजींना विचारावंसं वाटलं, पण विचारलं तर ते सांगितल्यासारखंच झालं.

२३ एप्रिल

सभेला एवढी माणसं कधी नव्हती. बायकासुद्धा अंगणात उभ्या होत्या. गुरुजींनी परात आणि शिसं टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं आणि काय झालं ते सांगितलं. चूक माझी, असं ते दोनदा म्हणाले. मग भागोजींनी पंप बंद करण्याचा ठराव मांडला. कुणी हालायच्या आत मी हात वर केला. पलीकडे दारात दादू उभा होता. तो सभासद नाही, त्याला आत जागा नव्हती.

भागोजी म्हणाले, झाली ती मापाची चूक झाली, कुणाच्या मनात पाप नव्हतं, कोळीवाड्याला बोल लावायचा नाही. त्यांनी हे थोरपणानं म्हटलं. मी खाली बघत होते. बोलायचं तर हीच वेळ होती. माझी जीभ उचलली नाही. मी खरंच बोलले नाही.

"सरपंच," दादू दारातून म्हणाला, "मापाची झाली ती चूक. पन शिमग्याला मी बांबू घालून बघितलं, तवा मला समजलं. त्याच्या पुढचं सगळं चूक न्हाय. ते मी केलं."

बाहेर एक मूल रडत होतं. तुळशी अंगणातून निघून गेली. तिच्यामागून एकेक बाई निघाली. दादूनं पंपाची चावी टेबलावर आणून ठेवली, परातीच्या बाजूला, आणि गेला.

माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. मी सांगितलं नाही हे त्याला कळलं असेल का? कळलं असलं तर त्याला काय वाटलं असेल?

१२ मे

देवतळ्यात आता डबकी आहेत. तुरटी फिरवून, फडक्यातून गाळून आणलेलं पाणीही मातकट लागतं. मासळी वाळत घालताहेत. बरीचशी पुरून टाकली.

आठवडा झाला, सोसायटीच्या दोन होड्या रोज खाडीत आतवर जातात. तिथल्या एका गावानं आपला झरा उघडा ठेवला आहे. भागोजी स्वतः जाऊन विनंती करून आले. दादू होड्या घेऊन जातो, पिंपं भरून आणतो, किनाऱ्यावर उभा राहून घागरी भरतो. पहिल्या दिवशी शेतकऱ्यांच्या आळीतून कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी तुळशी आली, घागर भरून घेतली, एक शब्द न बोलता गेली. आता सगळ्याच येतात.

मी जात नाही. रोज ठरवते, घागर काखेत घेते, नारळांच्या रांगेपर्यंत जाते. तिथून तो दिसतो, वाकलेला. मग परत येते आणि तळ्याचं पाणी गाळते. याला राग म्हणावा का, मला नीट कळत नाही. त्यानं लपवलं म्हणून म्हणावं, तर मीही सभेत गप्पच बसले. त्याला ते बोलावं लागलं, आणि मी त्याच्या आधी बोलले नाही.

आज संध्याकाळी केसर आली. काखेत भरलेली घागर. न विचारता स्वयंपाकघरात गेली आणि त्यातलं अर्धं पाणी माझ्या घागरीत ओतलं.

मी विचारलं, "तू बोलतेस का त्याच्याशी?"

"न्हाय," ती म्हणाली. "पानी भरायला बोलायला लागत न्हाय, वन्सं."

आणि पदरानं हात पुसत गेली. एकाच पायात तोडा आहे, म्हणून तिची चाल जरा वेगळी वाटते.

बराच वेळ मी त्या घागरीकडे बघत बसले. मग पेला भरून प्यायले. पाणी गोड होतं. मला त्याचाही राग आला.